मधल्या विमानतळाची परवानगी

काउंटरवरच्या मुलीने दोन पासपोर्टांपैकी एक महादेवप्पांकडे सरकवला आणि दुसरा हातातच ठेवला. एवढंच झालं. ती अजून काही बोलली नव्हती, तिच्या कपाळावर आठीसुद्धा नव्हती, पण महादेवप्पांना कसंतरीच झालं. अडतीत लिलावाआधी माल बघताना हमाल एखादं पोतं नुसतं पायाने बाजूला सरकवतो, तेव्हा पोत्याच्या मालकाला होतं तसं. लातूरच्या गंजात, त्या धान्यबाजारात, त्यांची सगळी हयात गेली होती, आधी अडतीत आणि मग स्वतःच्या डाळमिलमध्ये, आणि अशी बाजूला काढलेली पोती त्यांनी हजारो पाहिली होती. पण नेहमी पलीकडच्या बाजूने. हातात राहिलेला पासपोर्ट त्यांच्या बायकोचा, शिवकांताचा होता. नवाकोरा. त्याच्यात स्वीडनच्या व्हिसाचं एक पान सोडलं तर काही नव्हतं. शिवकांता दोन पावलं मागे, ढकलगाडीच्या दांड्याला धरून उभी होती. सकाळची वेळ होती, आदल्या दिवशी दुपारीच ते लातूरहून गाडीने निघून हैदराबादला भाच्याकडे मुक्कामाला आले होते, आणि शिवकांताने पहाटे उठून, स्वीडनला असलेली लेक जणू पलीकडच्याच गल्लीत राहते अशा घाईने, न्याहारीही धड केली नव्हती.

मुलगी फोनवर कुणाशी तरी बोलत होती. तेलुगूत. महादेवप्पांना तेलुगू येत नव्हतं. व्यापारापुरतं इंग्रजी येत होतं, हिंदी येत होती, उदगीरच्या आजोळामुळे कानडी तर घरचीच होती. पण तेलुगू म्हणजे त्यांच्या कानाला नुसती ठेका धरून पळणारी गाडी. त्या पळणाऱ्या गाडीतून एकच शब्द खाली पडला, ‘लेदु’, आणि तो त्यांना ठाऊक होता. नाही. काय नाही, कुणाला नाही, ते कळत नव्हतं. त्यांनी मागे वळून पाहिलं तर शिवकांताचा चेहरा आधीच बदललेला. ती देगलूरची. बाजारात, शेजारात, अर्ध्या गल्लीत तेलुगू ऐकत वाढलेली. लग्नानंतर इतक्या वर्षांत लातूरच्या घरात ती भाषा तिने कधी काढली नव्हती, काढायची वेळच आली नव्हती. ती पुढे झाली, काउंटरच्या कडेला बोटं टेकवून त्या मुलीशी हळू आवाजात बोलायला लागली, आणि मुलगीही आवाज खाली आणून तिला सांगायला लागली. महादेवप्पा दोघींच्या मधे उभे. जगात कुठेही गेलो तरी बोलायचं काम आपलं, असं ज्यांनी कायम धरलं होतं, ते नुसते एकीच्या तोंडाकडून दुसरीच्या तोंडाकडे बघत राहिले.

मग गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक साहेब आला आणि त्याने सगळं पुन्हा हिंदीत सांगितलं. त्याचं सांगणं सरळ होतं. विमान लंडनला बदलायचं आहे. तिथे विमानतळाबाहेर पाऊलसुद्धा टाकायचं नसलं तरी भारतीय माणसाला त्यांचा मधल्या थांब्याचा व्हिसा लागतो. ट्रान्झिट व्हिसा. बाईंकडे तो नाही. स्वीडनचा व्हिसा आहे तो स्वीडनसाठी, लंडनला तो चालत नाही. तुमच्या पासपोर्टावर कॅनडाचा व्हिसा आहे आणि अजून त्याची मुदत संपलेली नाही, अशा माणसाला ते सूट देतात. म्हणून तुम्ही जाऊ शकता. बाई नाही.

महादेवप्पांनी त्याला समजावून सांगायचा प्रयत्न केला. आम्ही लंडनला जाणारच नाही, आम्हाला लंडनशी काय करायचंय, एका विमानातून उतरणार आणि दुसऱ्यात बसणार. तो साहेब मान हलवत ऐकत होता. अशी मान हलवणं महादेवप्पांच्या ओळखीचं होतं. ते स्वतः असंच ऐकायचे. ऐकून घेण्याने समोरच्याचं समाधान होतं आणि आपलं काही बदलत नाही. शेवटी तो म्हणाला, की नियम आमचा नाही, त्यांचा आहे. आम्ही बसवलं तर ते तिकडून परत पाठवतील, आणि जाब आम्हाला द्यावा लागेल. तुमची मुलगी दवाखान्यात आहे हे मला कळतंय. माझ्या हातात काही नाही. आणि हे तो इतक्या खरेपणाने बोलला, की रागावायला जागाच राहिली नाही. कुणीतरी उद्धट बोललं असतं तर बरं झालं असतं. आवाज चढवता आला असता, कुणाचं तरी नाव सांगता आलं असतं, कुणाला तरी फोन लावता आला असता. लातुरात ते एवढं तरी करू शकत होते. इथे ज्याचा नियम होता तो समोर नव्हता, आणि समोर होता त्याचा नियम नव्हता.

लेकीला, रुद्राणीला, सातवा महिना संपत आला होता. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी दिवस गेलेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे शिवकांताने मनात कधीच ठरवून टाकलं होतं, रुद्राणीनेही हिवाळ्यात यायची तयारी केली होती. पण दिवाळीपासूनच लातूरचे नळ आटत चालले होते. पाऊस लागोपाठ दोन-तीन वर्षं बुडाला, धरण तळाला गेलं, आधी आठवड्याने पाणी, मग पंधरवड्याने, मग नळ ही गोष्टच लोक विसरले. गल्लीत टँकर आला की बायका धावायच्या, आणि शिवकांता गुडघे दुखत असताना त्यांच्यात असायची. दवाखान्यांनी जमतील तेवढी ऑपरेशनं पुढे ढकलली होती. पाण्यावाचून कोण कापणार आणि कोण धुणार. त्या दिवसांत एकदा फोन महादेवप्पांनी उचलला. एरवी ते ‘हाव, बरं हाय, आईला देतो’ एवढंच म्हणायचे. लेकीशी काय बोलायचं हे त्यांना कधी कळलंच नव्हतं, भांडण नव्हतं, दुरावा नव्हता, नुसती सवय नव्हती. पण त्या दिवशी त्यांनी आपण होऊन सांगितलं, इथं पाणी न्हाई, येऊ नको. तिकडंच कर. ती बरं अप्पा म्हणाली. सल्ला चांगलाच होता. कुणीही तोच दिला असता. आता रुद्राणीचा रक्तदाब वाढला होता, पायावर सूज होती, तिकडच्या डॉक्टरांनी तिला ठेवून घेतलं होतं, आणि तिने आईला बोलावलं होतं. आईलाच. शिवकांता एकटी कधी बसनेसुद्धा सोलापूरला गेली नव्हती, म्हणून महादेवप्पा सोबतीला. त्यांच्या जाण्याचा अर्थ तेवढाच होता. तिला नेऊन पोचवायचं आणि कोपऱ्यात खुर्ची टाकून बसायचं.

आणि आता नियमाने सोबत्याला सोडलं होतं आणि जिला न्यायचं तिला ठेवून घेतलं होतं. कॅनडाचा तो व्हिसा. तीन वर्षांपूर्वी डाळमिलवाल्यांचं एक शिष्टमंडळ तिकडे गेलं होतं, मसूर आणि वाटाणा बघायला. त्यात महादेवप्पांचं नाव कुणीतरी घातलं. थंडीने गोठलेल्या सपाट मुलखात, घरांहून उंच कोठारांसमोर उभं राहून त्यांनी फोटो काढून घेतले होते. हातात मसूर घेऊन दातांखाली फोडून पाहिली होती. चव नव्हती पण ओल बरोबर होती. परत आल्यावर व्हिसाचं ते पान त्यांनी चार जणांना दाखवलंही होतं. मुदत लांबची मिळालीय, पुन्हा कधीही जाता येतं, असं म्हणत. पुन्हा कुठे जाणार होते ते. आणि त्याच पानाने आज असं ठरवलं की लेकीच्या उशाशी तिची आई बसणार नाही, मसूर बघून आलेला बाप बसेल.

जावयाला फोन लावला. रेवणसिद्ध सोलापूरचा, तिकडे मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. तिकिटं त्यानेच काढली होती. आधी त्याला कळेचना. शेवटी कळलं. मग तो बोलायला लागला, मामा, चूक माझी हाय, बाहेर पडायचं नसलं तर लागत नाही असं मी धरून चाललो, माझे इथले मित्र जातात-येतात, पण त्यांच्याकडे इथला राहण्याचा परवाना असतो, तुमच्या व्हिसाला ते लागू नाही हे माझ्या ध्यानातच आलं नाही. त्याच्या मागे दवाखान्यातले आवाज येत होते. महादेवप्पा त्याला म्हणाले की असू दे. त्यांना खरंच त्याचा राग आला नाही. पलीकडे पोरगा एकटा होता, त्याची बायको आत होती, आणि तो एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने अव्वांसाठी, म्हणजे शिवकांतासाठी, दुसरं तिकीट शोधत होता. आखाती देशावरून जाता येतं, तिकडे मधल्या थांब्याला असं काही लागत नाही. पण सुट्ट्यांची गर्दी. शुक्रवारपर्यंत जागा नाही. आज सोमवार. लंडनवाला व्हिसा काढायचा तर त्याला त्याहून वेळ. तो म्हणाला, मामा, तुम्ही दोघं शुक्रवारीच या मग. आणि लगेच म्हणाला, नाहीतर तुम्ही तरी या. आणि मग म्हणाला, तुम्हीच ठरवा, मला काही सुचेना झालंय.

महादेवप्पा शिवकांताजवळ जाऊन बसले. ती एका लोखंडी बाकावर, पर्स मांडीवर धरून बसली होती. त्यांना वाटत होतं ती रडेल, आणि ती रडली की काय करायचं याची त्यांना भीती वाटत होती. रुद्राणीच्या जन्माच्या वेळेला ते नव्हते. लातूर जिल्हा झाला ते साल. उस्मानाबादेतून लातूर सुटलं, गंजगोलाईत गुलाल उधळला, व्यापाऱ्यांनी दुकानांवर दिवे लावले, आणि तरणे महादेवप्पा त्या गर्दीत खांद्यावर घेतलेल्या कुणाला तरी धरून घोषणा देत होते. आता कलेक्टर इथं बसणार, आता कुठल्या कामाला धाराशिवची वारी नको, असं सगळे एकमेकांना सांगत होते. त्याच आठवड्यात शिवकांता देगलूरला माहेरी बाळंतपणात अडली होती. दोन दिवस. निरोप आला तेव्हा सगळं पार पडलेलं. देगलूर नांदेड जिल्ह्यात, मधे दोन एसट्या बदलायच्या; ते पोचले तेव्हा मेहुण्याने ओसरीवर बसवून पहिलं विचारलं ते नव्या जिल्ह्याचंच, आणि तेही रंगून सांगत बसले. आतल्या खोलीतून शिवकांता ते ऐकत होती हे तिने पुढे कधीतरी सहज बोलून दाखवलं होतं. तक्रार म्हणून नाही. तुमचा आवाज आला, मग मला झोप लागली, एवढंच. त्या दोन दिवसांत काय झालं ते मात्र तिने कधी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. बायकांचं बायकांत. त्या गोष्टीच्या दाराशी ते तेव्हा जे थांबले ते आजपर्यंत तिथेच होते.

शिवकांता रडली नाही. ती बॅगेची चेन उघडून आतलं काढायला लागली. तिची लुगडी वेगळी, औषधांची पिशवी वेगळी. बाळंतिणीसाठी केलेला डिंक, अळीव, खसखशीच्या पुड्या, जुन्या मऊ धोतरांचे शिवलेले लंगोट, हे सगळं तिने त्यांच्या बॅगेत भरायला घेतलं.

“काय करायलीस?” महादेवप्पांनी विचारलं.

“तुमी जावा.”

“मी जाऊन काय करू तिथं? मला काय येतंय त्यातलं?”

“येत न्हाई ते मला ठाव हाय.” तिने बॅगेची चेन लावली. “ज्याला सोडायलेत त्यानं जावं. लेकरू एकटं पडलंय तिकडं.”

ते म्हणाले की शुक्रवारी दोघं मिळून जाऊ, चार दिवसांनी काय होतंय. ती त्यांच्याकडे बघत राहिली. ते बघणं त्यांना सहन झालं नाही. चार दिवसांत काय होऊ शकतं हे तिला ठाऊक होतं आणि त्यांना नव्हतं, एवढंच त्या बघण्यात होतं. मग तिने एकेक सांगायला सुरुवात केली. पाण्यात काय उकळायचं, ओवा कधी, तिला घाम आला तर काय, पोट बांधायचं कसं. महादेवप्पा ऐकत होते आणि काहीच आत जात नव्हतं. भाव, ओल, वजन, भाडं एवढ्याच गोष्टी राहायच्या अशा डोक्यात ती ओतत होती आणि ते बाजूने वाहून जात होतं. तिला ते कळलं असावं. ती मधेच थांबली. “राहू द्या,” ती म्हणाली. “नुसतं तिच्याजवळ बसा. आन् शुक्रवारी मी येते म्हनून सांगा.”

एकटी कशी येशील, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला उत्तर द्यावं लागलं असतं. तिला न्यायला भाचा निघाला होता, तिथून ती देगलूरला भावाकडे जाणार होती. लातुरात आत्ता घर उघडून करायचं काय, पाणी तर न्हाई. आतल्या तपासणीच्या रांगेत शिरताना त्यांनी वळून पाहिलं. शिवकांता झाडू मारणाऱ्या एका बाईशी तेलुगूत बोलत होती आणि ती बाई तिला हाताने काहीतरी दाखवत होती, बहुधा बाहेर जायचा रस्ता. तिने मागे पाहिलं नाही. रांगेत मागचा माणूस पुढे सरका म्हणाला.

विमानात त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहिली. त्या जागेवर कुणी येईल असं त्यांना विमान सुटेपर्यंत वाटत होतं. जेवण आलं तेव्हा वाढणाऱ्या बाईने एकच ताट ठेवलं आणि दुसरं उचलून परत नेलं. खिडकीबाहेर खाली तपकिरी रान होतं, मग ढग, मग काहीच नाही. काही दिवसांपूर्वी लातूरला रेल्वेने पाणी आलं होतं, टाक्यांची अख्खी गाडी. महादेवप्पा स्टेशनवर बघायला गेले होते. इंजिनाला हार घातले होते, लोक फोटो काढत होते, एकजण तर नाचत होता. त्या गर्दीत उभं असताना त्यांना अचानक थकल्यासारखं झालं होतं. अख्खं शहर हात बांधून रुळांकडे बघत उभं होतं. ज्यांनी विहिरी खोदल्या, बोअर मारले, मिल चालवल्या, जिल्हा मागून घेतला, ते सगळे. बाहेरून कुणी आणून घालेल ते प्यायचं. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी शिवकांताला पाणी आलं एवढंच सांगितलं होतं, आणि ती म्हणाली होती, आपल्या गल्लीत कधी यायचं?

लंडनला उतरल्यावर ते पाट्यांच्या मागे चालत राहिले. लांबच लांब बोळ, सरकते पट्टे, काचा. एका ठिकाणी एका अधिकाऱ्याने त्यांचा पासपोर्ट घेतला, कॅनडाचं पान काढलं, अंगठ्याने मुदत पाहिली, आणि परत दिला. त्याला काही वाटलं नाही. त्याचं बरोबरच होतं. महादेवप्पा मात्र क्षणभर तिथेच उभे राहिले. एवढ्याशासाठी. त्यांना वाटलं होतं तिथे काहीतरी असेल, दार, कुलूप, कडक माणूस, ज्याच्यामुळे शिवकांताला अडवणं त्यांना निदान समजेल. तसं काहीच नव्हतं. एक माणूस, एक काउंटर, आणि पुढे सुगंधी बाटल्यांची दुकानं. पुढचं विमान दुपार टळल्यावर होतं. ते एका खुर्चीवर बसले. समोर काचेपलीकडे लंडन होतं म्हणे. दिसत होती ती विमानं आणि ओलं डांबर. ते लंडनला आले होते आणि आले नव्हते. फोन काढून पाहिला तर त्यावर काहीच येत नव्हतं. तिथं मोफत इंटरनेट असतं असं रेवण म्हणाला होता, पण ते फोनमध्ये घ्यायचं कसं हे सांगायचं राहिलं. त्यांनी चार ठिकाणी दाबून पाहिलं. ईमेल मागत होतं. मिलचा ईमेल ऑफिसातला पोरगा बघायचा, त्यांना तो पाठ नव्हता. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला विचारावं असं तीनदा मनात आलं आणि तीनदा तो माणूस आपल्या कानात काहीतरी घालून डोळे मिटून बसलेला दिसला. मग त्यांनी फोन खिशात ठेवला. आत्ता तिकडे काय चाललं असेल, हे त्या फोनमध्ये कुठेतरी आलेलं असेल आणि फोनच्या दाराशी अडून बसलं असेल, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं. शिवकांता असती तर तिने एखाद्या झाडूवाल्या बाईला विचारलं असतं. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. झाडूवाली बाई होतीही. तिच्याशी बोलायला कुठली भाषा काढायची ते त्यांना कळलं नाही.

रेवण विमानतळावर घ्यायला आला होता. दाढी वाढलेली, डोळे लाल, अंगात कालचाच शर्ट असावा. बाहेर दिवेलागणीची वेळ उलटून गेली असावी, तरी लख्ख उजेड होता. त्याने वाकून पाया पडून बॅग हातात घेतली आणि चालायला लागला.

“मामा, झालं,” तो म्हणाला. “दुपारी घाईनं ऑपरेशन करावं लागलं. मुलगी हाय. लई बारकी हाय.”

“रुद्राणी?”

“शुद्धीवर हाय. बीपी उतरंना अजून. तिला झटके येतील म्हणून भीती वाटतीय त्यांना.”

गाडीत महादेवप्पांनी मनात वेळ जुळवून पाहिली. दुपारी म्हणजे ते लंडनला खुर्चीवर बसले होते तेव्हा. रेवणने त्यांना निरोप पाठवले होते, एकामागून एक. त्याने आपल्या फोनचं इंटरनेट जोडून दिलं तसे ते आता एकदम येऊन पडले, टिंग टिंग करत, आणि त्यांनी ते वाचले नाहीत.

रुद्राणी खोलीत पडून होती, अंगाला नळ्या. चेहरा सुजून दुसऱ्याच कुणाचा झालेला. त्यांना पाहून तिने डोळे मोठे केले आणि दाराकडे पाहिलं.

“अव्वा?”

“शुक्रवारी,” महादेवप्पा म्हणाले. “अडवलं तिला.” आणि मग काय झालं कुणास ठाऊक, ते बोलायलाच लागले. लंडनला उतरायचं नसलं तरी व्हिसा लागतो, स्वीडनचा तिथे चालत नाही, कॅनडाचा चालतो, माझ्याकडे होता, तिच्याकडे नव्हता, आखातावरून असलं काही लागत नाही, पण तिकडून जागा नव्हती. त्यांनी तो सगळा नियम तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट समजावून सांगितला, एकही बाजू न सोडता, जणू तो नीट समजला की काहीतरी बरं होणार होतं. आयुष्यात लेकीशी ते एवढं सलग कधी बोलले नव्हते. रुद्राणीने सगळं ऐकलं. तिच्या डोळ्यांच्या कडेने पाणी कानाकडे वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती, हात नळ्यांना बांधलेले होते. महादेवप्पांनी खिशातून रुमाल काढला, आणि त्याने पुसायचं कसं, जोराने की हळू, हे न कळून तसाच धरून ठेवला.

“तुम्ही कायतरी खाल्लं का, अप्पा?” ती म्हणाली.

त्यांनी हाव म्हटलं. खरं म्हणजे नव्हतं खाल्लं.

तेवढ्यात एक नर्स आली, उंच, पांढऱ्या केसांची, आणि रेवणशी हळू आवाजात बोलायला लागली. बोलता बोलता तिने एकदा महादेवप्पांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. आपल्याविषयी काहीतरी चाललंय, कदाचित बाहेर बसायला सांगतील, आणि तेच बरोबर होईल, असं त्यांना वाटलं. रेवणने येऊन सांगितलं. बाळ पलीकडच्या खोलीत आहे. इथे असं करतात, की एवढं लहान बाळ नुसतं काचेच्या पेटीत ठेवत नाहीत, कुणाच्या तरी उघड्या अंगावर ठेवतात, त्याने त्याचा श्वास टिकतो. आई ठेवू शकत नाही. दुपारपासून मीच बसलो होतो. पण आता मला हिच्याजवळ थांबायला पाहिजे, हिला काही झालं तर सही लागते, भाषा लागते. नर्स विचारतीय की आजोबा बसतील का.

“मी?” महादेवप्पा म्हणाले. ते रुद्राणीकडे बघत होते. तिने डोळे मिटून घेतले होते.

“जा अप्पा,” ती डोळे न उघडता म्हणाली. “ती एकटीच हाय तिकडं.”

त्यांना कोपरापर्यंत हात धुवायला लावले. नळाखाली हात धरला की पाणी आपोआप येत होतं आणि थांबतच नव्हतं. त्यांनी घाईने हात बाजूला घेतले. मग खुर्चीवर बसवून नर्सने शर्टाच्या गुंड्यांकडे बोट दाखवलं. परक्या बाईसमोर त्यांनी कधी गुंडी काढली नव्हती. सावकाश एकेक काढली. आत छातीवर, दोरीत, इष्टलिंगाची चांदीची डबी होती. नर्सने तिच्याकडे पाहून बोटाने विचारलं, ही काढता येईल का. ही निघत नाही, मरेपर्यंत निघत नाही, हे तिला कसं सांगायचं. त्यांनी नुसती नाही म्हणून मान हलवली. नर्सनेही कळल्यासारखी मान हलवली, पण गेली नाही, थांबून राहिली. थोडा वेळ त्यांनी डबी मुठीत धरली. मग दोरी गळ्याभोवती फिरवून डबी खांद्यावरून मागे, पाठीवर सोडली. लहानपणी दीक्षा झाल्यापासून छातीची ती जागा कधी मोकळी राहिली नव्हती. तिथे गार वाटलं.

पेटीतून काढून नर्सने बाळ त्या जागेवर ठेवलं. वजन असं काही नव्हतंच. पाठीचा कणा, त्यावर मऊ लव, कातडीखाली निळ्या शिरा, डोक्यावर लोकरीची टोपी, आणि नाकातोंडाला लावलेल्या केसासारख्या नळ्या. वरून गरम दुलई घातली. नर्सने त्यांचा उजवा हात उचलून बाळाच्या पाठीवर ठेवला, डावा बुडाखाली, आणि बोटं हवी तशी मुडपून दिली. शेजारी एका पडद्यावर आकडे बदलत होते. महादेवप्पा त्या आकड्यांकडे बघत राहिले, तेवढं एक वाचता येत होतं म्हणून. मधेच आकडा उतरायला लागला. त्यांच्या छातीवरची हालचाल थांबली. हे नुसतं वाटलं की खरं, तेवढ्यात यंत्र वाजलं. नर्सने दुलईखाली हात घालून दोन बोटांनी बाळाचा तळपाय चोळला. काही नाही. पुन्हा चोळला. मग ते पिल्लू एकदा आचकलं, आणि छातीवर परत ते बारीक, ओलसर, घाईघाईचं वर-खाली सुरू झालं.

महादेवप्पांचा स्वतःचा श्वास कधीचा कोंडलेला होता. त्यांनी तो हळू सोडला. मग हळू आत घेतला. छाती वर गेली तशी तीही वर गेली, खाली आली तशी खाली आली. पाठीवर डबी खुर्चीत रुतत होती. पायाला मुंग्या आल्या होत्या, तोंडाला कोरड पडली होती. नर्स जाताना वाकून त्यांच्याशी तिच्या भाषेत काहीतरी बोलली, चांगली दोन-तीन वाक्यं, आणि त्यांच्या तोंडाकडे बघत थांबली. रेवण तिथे नव्हता. ती काय म्हणाली ते त्यांना कळलं नाही. हलायचं नाही, असंच काहीतरी म्हणाली असेल असं त्यांनी धरलं.

“हाव,” ते म्हणाले, आणि हलले नाहीत.